देव बघून घेईल, पण कोणाला?

आमच्या किनाऱ्यावर भांडण संपवायची एक ठरलेली पद्धत आहे. दोन्हीकडून घसा बसेपर्यंत ओरडून झालं, आजोबा-पणजोबांची सगळी कुलंगडी उकरून झाली, की एक जण लुंगी वर खोचतो आणि म्हणतो, "जाऊंदे, तुका देव बघून घेतलो." आणि तरातरा चालायला लागतो. म्हणजे केस वरच्या कोर्टात गेली. त्या कोर्टात आपला वकील पण देव, जज पण देव आणि हवालदार पण देवच, आणि निकाल आपल्या बाजूनेच लागणार याबद्दल कोणाला तीळमात्र शंका नसते.

हे फक्त देवळात जाणारे करतात असं समजू नका. शेजारच्या वाडीत गाऱ्हाणं घालतात तेव्हा मी लहानपणी लांब उभं राहून ऐकायचो, गावकर एक एक मागणं मागतो आणि सगळे मिळून "व्हय महाराजा!" करतात, लेकराबाळांना सांभाळ, आणि कोणी वाकडंतिकडं चिंतत असेल तर त्याचं काय ते बघ. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात गाऱ्हाणं नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मग मोठेपणी बायबलमधली स्तोत्रसंहिता नीट वाचायला घेतली आणि लक्षात आलं की अरे, हे तर पानोपानी गाऱ्हाणंच आहे! देवा माझा न्याय कर, माझे वैरी बघ किती माजलेत, उठ, कशाला झोपलायस. आमच्या प्रार्थनासभेत पण बघा, डोळे मिटून अगदी मऊ आवाजात कोणीतरी म्हणतं, "प्रभू, तू न्यायी आहेस, तुला सगळं माहीत आहे," आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळतं की हा टोला कोणाला आहे. आमेन पण त्या हिशोबाने जोरात किंवा हळू येतं.

तर मुद्दा हा की देवाचं न्यायीपण, नीतिमत्त्व, आपल्याला नेहमी दुसऱ्यासाठी हवं असतं. स्वतःवर वेळ आली की लगेच दया, कृपा, क्षमा. मी यात माणसांना नावं ठेवत नाहीये, कारण स्तोत्रकर्ता सुद्धा तेच करतो, फक्त तो ते एका दमात करतो आणि त्यामुळे गंमत होते. १४३ वं स्तोत्र काढून बघा. पहिल्याच ओळीत तो म्हणतो, देवा तुझ्या न्यायीपणाने माझं ऐक. आणि लगेच दुसऱ्या ओळीत, पण मला न्यायाला उभं करू नकोस बाबा, कारण तुझ्यापुढे जिवंत माणूस कोणीच नीतिमान ठरणार नाही. आता हे काय? न्यायी आहेस म्हणून ये, पण न्याय करू नको? आमच्या तालुक्याच्या कोर्टात असा अर्ज केला तर क्लार्क अर्ज हातात परत देईल.

बरीच वर्षं मला वाटायचं की ही कवीची गडबड आहे, दुःखात माणूस कसंही बोलतो. पण नंतर दिसायला लागलं की जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, हे सारखं होतंय. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, मी माझं नीतिमत्त्व जवळ आणतोय, माझं तारण, म्हणजे सुटका, लांब नाही, म्हणजे दोन्ही एकाच श्वासात, जणू एकच गोष्ट. ९८ व्या स्तोत्रात पण तसंच, देवाने तारण दाखवलं, न्यायीपण राष्ट्रांसमोर उघड केलं, आणि त्यावर समुद्र गर्जतोय, नद्या टाळ्या वाजवतायत. तराजू घेऊन बसलेला देव येतोय म्हटल्यावर कोणी टाळ्या वाजवेल का? माणसं पळतील. ज्याअर्थी टाळ्या वाजतायत त्याअर्थी येणारा देव दिलेला शब्द पाळायला येतोय, अडकलेल्याला सोडवायला येतोय, बिघडलेलं जागेवर आणायला येतोय. आणि तेच त्याचं न्यायीपण.

याचं सगळ्यात विचित्र उदाहरण उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात आहे, संडेस्कूलमध्ये कोणी शिकवत नाही, कारण शिकवणार कसं! यहूदाची सून तामार. नवरा मेला, मग दीर नवरा झाला, तोही मेला. दुसऱ्या दिराशी लग्न लावून द्यायची जबाबदारी सासऱ्याची, त्याने "मुलगा मोठा होऊ दे" सांगून तिला माहेरी पाठवलं आणि विसरून गेला. विसरला म्हणजे काय, सोयीस्कर विसरला. पुढे तामारने तोंडावर बुरखा घेऊन रस्त्यात बसून त्याच सासऱ्याला फसवलं, त्याची मुद्रा, गोफ आणि काठी तारण म्हणून ठेवून घेतली. तीन महिन्यांनी सून गरोदर आहे हे कळल्यावर हे महाशय म्हणतात, तिला बाहेर काढा आणि जाळा. तेव्हा ती त्या वस्तू पाठवते, की या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मला दिवस गेलेत. आणि यहूदा बघतो आणि म्हणतो, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. आता सोवळ्याच्या हिशोबाने तामार कुठे बसते? कुठेच नाही. पण नात्याने जे देणं लागत होतं ते चुकवणारा यहूदा आणि त्या घराण्याचा वंश धरून ठेवणारी ती. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिताना पहिल्या दोन-तीन ओळींतच तिचं नाव घातलंय, आणि मला नाही वाटत की ते चुकून राहिलं असेल.

जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचा संन्यासी याच प्रश्नावर अडकून पडला होता. १५४५ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याने मागे वळून लिहिलंय की रोमकरांस पत्रात "देवाचं नीतिमत्त्व सुवार्तेत प्रकट होतं" हे वाक्य आलं की त्याला देवाचा राग यायचा, अगदी द्वेष वाटायचा. आधीच नियमशास्त्राने जीव नकोसा केलाय, आता सुवार्तेतून पण हाच आमच्या मागे काठी घेऊन लागणार का? रात्रंदिवस त्या ओळीवर बसला आणि मग त्याला दिसलं की हे देव आपल्याकडून वसूल करणारं नीतिमत्त्व नाही, हे तो देतो, आणि माणूस ते विश्वासाने घेतो. त्याला स्वर्गाची दारं उघडल्यासारखं झालं म्हणतो. मला यातली सुटकेची गोष्ट आवडतेच, पण त्याहून जास्त त्याचा आधीचा राग आवडतो. देवावर इतकं प्रामाणिकपणे चिडणारे विश्वासू आता कुठे मिळतात, आम्ही चिडतो पाळकावर नाहीतर खजिनदारावर.

आता जरा रापणीकडे येतो, कारण मला ही गोष्ट खऱ्या अर्थाने वाळूतच कळली.

ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी, ही किनाऱ्यावरून ओढायची जाळी. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना माणसं लागतात. कमरेला पट्टा अडकवून, टाचा वाळूत रुतवून, उलटं चालत चालत ओढायचं. सुरुवातीला तासभर काहीच होत नाही, नुसता दोर येतो, ओला, जड, हाताची सालटी काढणारा. मग जाळं जवळ आलं की वर घारी जमतात, पाण्याला वेगळीच चकाकी येते, बायका टोपल्या घेऊन पुढे सरकतात, पोरं पाण्यात शिरतात, एखादा टुरिस्ट पण हाफपँटीत येऊन दोराला हात लावतो आणि बायकोला फोटो काढायला सांगतो. जाळं वाळूवर आलं की बांगडे, पेडवे, कुर्ल्या, चार जेलीफिश, सगळा खच. मग निवडणं, लिलाव आणि वाटे. वाटे कसे पडतात याचे नियम आहेत, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हाताचा वाटा, आणि ते नियम सांगणारी म्हातारी माणसं आहेत ज्यांच्यापुढे कोणी कॅल्क्युलेटर काढत नाही.

त्यातलाच एक म्हातारा, दम लागतो म्हणून दोराला हात न लावणारा, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून नुसता समुद्राकडे बघत होता. वाटे पडले तेव्हा त्याचाही पडला, इतरांएवढाच. मुंबईहून सुट्टीला आलेला एक तरुण पोरगा, सकाळपासून ओढून ओढून हात सोललेला, तो भडकला. "ह्येनी दोराक हात लावल्यान नाय, ह्येका वाटो कसलो?" वाटे घालणाऱ्याने मान पण वर केली नाही. म्हणाला, "रापण त्येची पण आसा." बस्स. विषय संपला, पुढचा वाटा.

मत्तयाच्या २० व्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट मी शंभरदा ऐकलेली, पण मला त्यात कायम त्या पहाटे आलेल्या मजुरांची बाजू खरी वाटायची, आणि अजूनही थोडी वाटते. दिवसभर उन्हात राबायचं आणि संध्याकाळी तासभर आलेल्याला पण तेवढाच दिनार! दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. पण गोष्ट नीट वाचली की दोन गोष्टी दिसतात. एक, शेवटच्या मजुरांना मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे, आणि ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. ते आळशी नव्हते, उरलेले होते. आंब्याच्या सीझनला नाक्यावर सकाळी बघा ना, बागायतदाराची गाडी थांबते, दंडाकडे बघून पोरं उचलली जातात, आणि साडेनऊ-दहाला जे उरतात ते कोण असतात ते बघा. आणि दोन, मालक मधल्या वेळेच्या मजुरांना आकडा सांगतच नाही, म्हणतो, जे रास्त असेल ते देईन. संध्याकाळी कळतं की त्याच्या लेखी रास्त म्हणजे पूर्ण दिवसाची भाकरी, कारण उशिरा काम मिळालेल्याच्या घरी पोरं अर्ध्या पोटाची नसतात.

रापणीतला म्हातारा आणि हे मजूर अगदी सारखे नाहीत, हे पण सांगून टाकतो. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं दोर ओढलाय, जाळ्यात त्याचा तुकडा आहे, त्याचा हक्क आहे. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल जे सांगतो ते याच्याही पुढचं आहे, की ज्याने दोर कधी ओढलाच नाही, उलट जाळं फाडलं, त्याला म्हणायचं रापण तुझी पण आहे. हे ऐकून तो मुंबईचा पोरगा काय म्हणाला असता देव जाणे.

इथे आमच्याकडे लगेच एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. एसटीत शेजारी बसलेल्या एका मास्तरांनी मला सरळ विचारलं होतं, "म्हणजे तुमच्यात पाप करायचं आणि माफी घ्यायची, सोपंय की! आमच्यात करावे तसे भरावे." मी म्हटलं, मास्तर, ते आमच्यात पण आहे, माणूस जे पेरील तेच कापील असं पौलानेच गलतीकरांना लिहिलंय. आणि नीतिसूत्रांच्या १७ व्या अध्यायात तर स्पष्ट आहे, की दोषी माणसाला निर्दोष सोडणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो. आता कठीण जागा ही की रोमकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात तोच देव अधर्मी माणसाला नीतिमान ठरवतो असं लिहिलंय. जे करणाऱ्याचा वीट येतो तेच स्वतः करायचं? पौल परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांतला होता, त्याला नीतिसूत्रं पाठ असणार, त्यामुळे हे त्याला दिसलं नसेल असं होऊच शकत नाही. म्हणून तर त्याने आधीच्या अध्यायात वधस्तंभ मध्ये आणलाय, की देव स्वतः न्यायी राहावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही व्हावा. पापाकडे कानाडोळा नाही, हिशोब खोडलेला नाही, भरलेला आहे, फक्त भरणारा हात दुसरा.

उपदेशात यावर एक नेहमीची गोष्ट सांगतात, जज आपल्या मुलाला दंड ठोठावतो आणि मग खाली उतरून स्वतःच्या खिशातून तो भरतो. मला ही गोष्ट तितकीशी पटत नाही. दंड पैशाचा आहे म्हणून ती जमते, खून असता तर? आणि मुख्य म्हणजे त्या जजचं स्वतःचं काही गेलेलं नसतं. सुवार्तेत ज्याच्याविरुद्ध गुन्हा झाला तोच निकाल देतो, आणि तोच सोसतो. हे जगातल्या कुठल्या कोर्टात चालत नाही, त्यामुळे कोर्टाचं उदाहरण एका जागेपर्यंत येतं आणि तिथे थांबतं.

मास्तरांच्या "सोपंय की" ला उत्तर मात्र जक्कय आहे. जकातीचा मुख्य, यरीहोचा, बुटका म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याला म्हणाला नाही की आधी लोकांचे पैसे परत कर मग जेवायला येतो. म्हणाला, खाली उतर, आज तुझ्याकडे उतरायचंय. आणि मग तो माणूस आपणहून उभा राहिला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. आधी पंगत, मग परतफेड. पण परतफेड झाली, ती कोणी माफ केली नाही. पंगत जेवून ढेकर देऊन घरी जाणारा जक्कय असता तर लूकने ती गोष्ट लिहिली नसती. फुकट मिळालेलं नीतिमत्त्व माणसाच्या खिशापर्यंत पोचलं की नाही, हे बघायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

देव माणसाला नीतिमान "ठरवतो" की आतून नीतिमान "करतो" यावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट किती शतकं भांडले! ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये आपली बाजू कडक शब्दांत मांडली, आणि शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आऊग्सबुर्ग शहरात ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्चने एकत्र सही करून मान्य केलं की मुळात आपण कृपेनेच, ख्रिस्तावरच्या विश्वासानेच स्वीकारले जातो, आणि पवित्र आत्मा आपल्याला बदलून चांगल्या कामाला लावतो. आमच्या वाडीत कॅथलिक घरं जास्त, आम्ही प्रॉटेस्टंट मूठभर, आणि याची बातमी कोणाच्याच घरी पोचली नाही. नाताळला नेवऱ्या आणि दोदोल तेव्हाही इकडून तिकडे जात होते, आताही जातात.

एक गोष्ट मात्र आम्ही दोघेही सारखीच विसरतो. नीतिमत्त्व म्हटलं की आम्हाला माझं तारण, माझं पाप, माझा स्वर्ग एवढंच सुचतं. आमोस असा नव्हता. जुन्या करारातला संदेष्टा, तकोवा गावचा मेंढपाळ, इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात जाऊन उभा राहिला आणि तोंडावर म्हणाला, तुम्ही गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकता, आणि वर तुमची गाणी? बंद करा ती, देवाला नकोत. त्यापेक्षा न्याय पाण्यासारखा वाहू दे, नीतिमत्त्व कधी न आटणाऱ्या ओढ्यासारखं. ते "न आटणाऱ्या" आमच्यासारख्यांना जास्त कळायला हवं. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वहाळ रस्त्यावरून जातात, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच वहाळात पोरं क्रिकेट खेळतात, कारण जांभा पाणी धरत नाही. आमोसच्या मुलखातले ओढे पण तसलेच, पावसात लोंढा आणि उन्हाळ्यात नुसते गोटे. आमचं नीतिमत्त्व पण चाळीस दिवसांच्या उपासकाळात दुथडी भरून वाहतं.

आणि किनाऱ्यावर न्यायाचे प्रश्न काही कमी नाहीत. पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं टाकणाऱ्या, मोठ्या बोटी एका फेरीत जेवढं नेतात तेवढं रापणीला सगळ्या सीझनला मिळत नाही, म्हणून पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं भांडले, २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी भांडण काही मिटलेलं नाही. त्या भांडणाच्या एका मोर्चात आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, दोघंतिघं गेले होते. त्याच आठवड्यात आमच्याकडे मीटिंग झाली ती नव्या साऊंड सिस्टीमची. मोर्चाचा विषय प्रार्थनेत सुद्धा आला नाही, आणि आमोस वाचून झाल्यावर मला तो माईक हातात धरायला जरा जड जातो.

आता शेवटी आमच्याच मंडळीतलं एक प्रकरण, नावं सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दोन चुलत घरं, मधे जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. सातबाऱ्यावर एवढी नावं की पान पुरत नाही, अर्धी माणसं वारलेली, बाकीची अर्धी विरार-डोंबिवलीला. गडगा कोणाच्या हद्दीत यावरून वडिलांच्या काळापासून बोलणं बंद. रविवारी उपासनेत दोघं दोन टोकांच्या बाकांवर, प्रभुभोजनाला मात्र एकाच रांगेत. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे त्याच उपासकाळात, रोमकरांस पत्राचा ३ रा अध्याय शिकवला गेला, सर्वांनी पाप केलंय वगैरे, आणि थोरला बाहेर येऊन पाळकसाहेबांना म्हणाला, "मी त्याला माफ केलंय. पण गडगा माझ्याच जागेत आहे."

सगळे हसले. मी पण हसलो, पण मग वाटलं की तो काही अगदीच चुकीचं बोलत नाहीये. माफ केलं म्हणून हद्द कुठे आहे हे कळायचं थांबत नाही, आणि खरं काय ते न बघता नुसती गळाभेट घेतली तर पुढच्या पिढीत पोरं परत कोयता घेऊन उभी राहतात. देवाने पण मोजल्याशिवाय सोडलेलं नाही, हेच तर आम्ही अध्यायभर वाचत होतो. म्हणून मी त्याला म्हटलं, मोजणीचा अर्ज कर. निघेल ते निघेल, आणि तुझ्या बाजूने निघालं तर मग त्याला वाट सोड, तेव्हा ती खरी माफी, कारण तेव्हा तुझं काहीतरी जाईल. दोन दिवस माझ्याशी पण बोलला नाही. मग धाकट्याकडे निरोप पाठवला, कित्येक वर्षांतला पहिला, की मोजणी करून घेऊया.

सध्या गाडी मोजणीच्या फीवर अडलीय. थोरला म्हणतो अर्धी अर्धी, धाकटा म्हणतो ज्याला खाज त्याने भरावी. पाळकसाहेबांनी सुचवलंय की मंडळीच्या निधीतून देऊन टाकू, कशाला ताणायचं. पुढच्या मीटिंगला मी त्याला विरोध करणार आहे, जक्कयाने जे दिलं ते स्वतःच्या खिशातून दिलं होतं.